शुक्रवारची बाग आणि आमची गॅलरी: फेब्रुवारी ते नोव्हेंबर

ठाण्यातली पूर्वेकडची गॅलरी. ऊन सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत, पुढे नुसता उजेड. ग्रिलला लागून मोगरा, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, सोनटक्का, अबोली आणि यंदा नव्याने शेवंती. बाग म्हणावी असं फार काही नाही. पण यंदा या गॅलरीला एक बैठक जोडली गेली, म्हणून ही नोंद जरा लांबली आहे.

जानेवारीत सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या वॉकरवर घरी आल्या आणि संध्याकाळी टीव्हीवर काय लावायचं हा प्रश्न पडला. बातम्यांमधली भांडणं ऐकून त्यांना झोप लागेना, आणि मालिकेतल्या दागिने घालून विष कालवणाऱ्या बायका मला सोसवेनात. बरेच प्रयोग झाले. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास जसाच्या तसा दाखवला होता, तोही लावून पाहिला. रूळ, बोगदा, बर्फ, पुन्हा बोगदा. आई पहिल्या बोगद्यातच घोरू लागल्या, म्हणजे तसा उपयोग झालाच. पण रोज झोपवणारा कार्यक्रम आम्हाला नको होता, सोबत बसून बोलता येईल असा हवा होता. तो मिळाला ‘गार्डनर्स वर्ल्ड’मध्ये.

फेब्रुवारी-मार्च

बीबीसीवर हा कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे. वसंतात सुरू होतो, शरदात थांबतो, आणि तिकडे शुक्रवारी संध्याकाळी लागतो. आम्ही जुने भाग मिळतील तसे, उलटसुलट क्रमाने पाहतो, पण शुक्रवार मात्र पाळतो. माँटी डॉन नावाचे गृहस्थ हेरफर्डशायरमधल्या स्वतःच्या ‘लाँगमेडो’ या बागेतून बोलतात. पायाशी कुत्रा, अंगात ढगळ कोट, हातात फावडं. आईंनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं, माळीबुवा. इंग्रजी त्यांना थोडंफार कळतं, पण कळण्याची त्यांना फारशी गरज पडत नाही. “मुळं मोकळी करतोय बघ,” असं त्या मला सांगतात आणि पाच सेकंदांनी माळीबुवा तेच बोलतात.

या माणसाचा लंडनमध्ये दागिन्यांचा धंदा होता. १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर तो बुडाला, घर विकावं लागलं, पुढे नैराश्याने घेरलं. त्याबद्दल ते उघडपणे बोलतात. २००३ मध्ये या कार्यक्रमाचे मुख्य निवेदक झाले, २००८ मध्ये पक्षाघाताच्या सौम्य झटक्यामुळे बाजूला झाले, आणि २०११ मध्ये परतले ते स्वतःच्याच बागेत कॅमेरा घेऊन. मी हे आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तरीच. हा माणूस बोलताना कुठे पळत नाही.”

गॅलरीतलं काम या काळात एकच, मोगरा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाणी तोडलं, पानं ओरबाडून काढली, फांद्या निम्म्यावर छाटल्या, वरची माती हलवून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली, मग पुन्हा पाणी सुरू केलं. मार्चअखेर कळ्या दिसल्या. माझं काम हिशेबाचं आहे, त्यामुळे मार्चअखेर माझ्याकडे दुसरं काहीच दिसत नसतं.

इथे मला एक गोष्ट उमगली. हिरवं पाहिलं की जीव शांत होतो, असं आपण सगळेच म्हणतो. माझ्या बाबतीत नुसतं पाहून तसं फार काही झालं नाही. लांबलचक हिरवळ पाहून उलट आपली गॅलरी खुजी वाटायची. फरक पडला तो कार्यक्रमाच्या शेवटामुळे. माळीबुवा शेवटी या शनिवार-रविवारची कामं सांगतात. दोन-तीनच. वेलाला काठी लावा. अमुक छाटा. तमुक पेरा. ‘बाग सुंदर करा’ असं कधीच नाही. अर्ध्या तासात संपेल आणि संपल्याचं डोळ्यांना दिसेल एवढंच काम. माझ्या दिवसभरातलं एकही काम असं संपत नाही, एक कागद गेला की दुसरा येतो. आठवड्यात एक तरी काम पुरतं संपतं, हीच माझी विश्रांती. तेव्हापासून फ्रिजवर एक चिठ्ठी असते, आईंच्या अक्षरात, ‘शनिवारची कामं’. तीन ओळींच्या वर जायचं नाही हा त्यांचा नियम.

एप्रिल-मे

इथे माळीबुवांचं पंचांग आणि आपलं पंचांग पूर्ण फाटतं. त्यांची एप्रिलची धाकधूक अशी की रात्री दव गोठेल का, रोप जळेल का. आमची अशी की दुपारी कुंडी इतकी तापेल की मुळं शिजतील. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी ग्रिलवर बांधली, कुंड्यांत वाळक्या पानांचं आच्छादन घातलं, पाणी सकाळी लवकर आणि पुन्हा सूर्य कलल्यावर. खत बंद. आई म्हणाल्या, “त्यांची बाग थंडीत झोपते, आपली मे महिन्यात. झोपलेल्याला कोणी जेवायला उठवतं का?” खत कधी बंद ठेवायचं हे यापेक्षा सोपं करून मला कोणी सांगितलेलं नाही.

जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागलाच. त्याचा बंदोबस्त सगळ्यांना माहीत आहे, तरी एक मुद्दा सांगते. आधी मुंग्यांकडे बघा. पिठ्या ढेकूण जो चिकट गोड रस टाकतो त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्यांची वाट मोडली नाही तर फवारणी वाया जाते. पाण्याच्या जोरदार धारेने फांद्या धुतल्या, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचे थोडे थेंब, तेही संध्याकाळी. उन्हात तेल मारलं तर पानं करपतात.

मे महिन्यात आम्ही कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोढणाच्या भुशाची, वीट भिजवायला ठेवली होती, आणि त्याच आठवड्यात माळीबुवा पीट वापरू नका म्हणून कळकळीने सांगत होते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला वनस्पतींचा थर. तो उपसला की त्यात अडकलेला कार्बन सुटतो आणि ती दलदलही जाते. त्याऐवजी जे वापरतात त्यात नारळाच्या सोढणाचा भुसाही असतो, आणि तो भारत-श्रीलंकेतून जातो. आई चिपळूणकडच्या. “आम्ही जो चुलीत घालायचो, तो विलायतेला जातो?” हे त्यांनी त्या आठवड्यात फोनवर प्रत्येक नातेवाइकाला सांगितलं. कोकोपीट वापरणाऱ्यांनी भिजल्यावर एकदा धुऊन, पिळून घ्यावं. त्यात क्षार असतात आणि कोवळी मुळं त्यानेच जळतात.

जून-जुलै

पावसाळ्यातली कामं थोडक्यात. भोकं मोकळी केली. कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाकल्या, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. जाळी उतरवली. सोनटक्का जोरात. बाकी पाऊसच माळी.

शेवंती हा यंदाचा खरा उद्योग. शेजारच्या काकूंकडच्या पिवळ्या शेवंतीची छाट कलमं आणली. कळी नसलेले कोवळे शेंडे चार बोटं लांबीचे कापले, खालची पानं काढली, वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचून सावलीत ठेवले. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. ओढून बघू नका, खालून नवं पान फुटलं की समजा.

या सुमारास फिजिओने आईंना उभं राहण्याचा व्यायाम वाढवायला सांगितला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायला त्या तयार नव्हत्या. मग ग्रिलचा दांडा धरून वाळकी फुलं खुडायचं काम त्यांच्या चिठ्ठीत गेलं. आधी जास्वंद, मग अबोली, मग तुळशीच्या मंजिऱ्या. खुडायचं संपलं की त्या खोलीत परतायच्या, आणि खुडायचं कधी लवकर संपायचं नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर

लंडनमध्ये चेल्सी इथे दर मे महिन्यात मोठं फुलांचं प्रदर्शन भरतं, १९१३ पासून. त्या प्रदर्शनाच्या सुमारास तिकडचे बागकामवाले उशिरा फुलणारी बारमाही झाडं धडधाकट असताना तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने छाटून टाकतात. ‘चेल्सी चॉप’ म्हणतात त्याला. झाड बुटकं, भरगच्च होतं, उशिरा फुलतं आणि वाऱ्याने आडवं होत नाही. हे पाहताना आई एकदम सावरून बसल्या. “अगं, हे तर शेवंतीचे शेंडे खुडणं. आमच्याकडे गणपती येईपर्यंत खुडायचो.”

मग आम्ही तेच केलं. रोप वीतभर झाल्यावर पहिला शेंडा खुडला, बगलेतून फुटवे आले, ते बोटभर वाढल्यावर त्यांचेही शेंडे. गणपतीत शेवटची खुडणी, त्यानंतर कात्री बंद. कारण शेवंती कळी धरते ती रात्र लांबू लागली की. उशिरापर्यंत खुडत राहिलो तर आपण कळ्याच खुडतो.

हाच धागा पुढे नेते, कारण गेल्या वर्षी इथल्या काही जणांची शेवंती नुसती पानांनी माजली होती. शेवंतीला सलग, अखंड काळोख लागतो. फुलशेती करणारे याचा उलटा फायदा घेतात, रात्री मळ्यात दिवे लावून फुलं हवी तेवढी लांबवतात. गॅलरीसमोर रस्त्याचा पांढरा एलईडी दिवा असेल तर तो तुमच्या झाडावर नेमकं हेच करतो. माझ्याकडे ग्रिलच्या उजव्या टोकाला तो उजेड थेट येतो, म्हणून शेवंतीच्या कुंड्या डाव्या कोपऱ्यात, लिंबाच्या आडोशाला सरकवल्या आणि गॅलरीतला दिवा रात्री लावणंच सोडलं. टीव्हीच्या खोलीचा पडदाही ओढून घेतो. तेवढ्या उजेडाने काही होतं का, माहीत नाही, पण आईंचा हुकूम आहे.

ऑक्टोबर

ऑक्टोबरचा उकाडा, पुन्हा दोन वेळा पाणी. लिंबावर पक्ष्याची विष्ठा पडावी तसे तपकिरी-पांढरे ठिपके दिसले आणि हलले. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी त्या अशा सोंगात राहतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडतात. कढीपत्त्यावरही याच घरातली मंडळी येतात, लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले असल्यामुळे. मी चिमटा घेऊन उभी होते. आईंनी अडवलं. लिंबू मोठं आहे, पानं पुन्हा फुटतात, हे खरंच आहे. रोप लहान असेल तर मात्र अळ्या हलवाव्यात, एका दिवसात खराटा होतो. कढीपत्ता सध्या भाजीवालीकडून आणतो.

या महिन्यात आईंना जुना दूरदर्शन आठवायला लागला. मुंबई केंद्रावरच्या ‘आमची माती आमची माणसं’मध्ये कुणीतरी शेतकरी बांधावर उभा राहून तुरीबद्दल बोलायचा आणि अख्खी चाळ ऐकायची, तूर कुणाचीच नसताना. ‘मालगुडी डेज’ही आठवली, म्हणून तीही लावली. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित केलेली. बागेचा संबंध नाही, पण जात तीच. कोणी कुणाला हरवत नाही, एका भागात एक साधी गोष्ट पुरी होते. असे कार्यक्रम निवडताना माझी कसोटी आता एवढीच आहे: मध्येच उठून गॅसवरचं दूध उतरवून आलं तरी काही बिघडता कामा नये.

नोव्हेंबर, आजची स्थिती

शेवंतीला कळ्या, डाव्या कोपऱ्यात भरपूर. एक कुंडी मुद्दाम उजव्या टोकाला, दिव्याच्या उजेडात ठेवली होती. तिला पानं आहेत, कळी नाही. मोगरा सुस्त, तसाच राहू दे. जास्वंद स्वच्छ. आई काठीवर आल्या आहेत. त्यांची झोप पूर्वीइतकी नाही, पण रात्री दोनला जाग आली तर त्या आता मला हाक मारण्याऐवजी चिठ्ठीत काहीतरी लिहून ठेवतात. सकाळी वाचायला मजा येते.

या आठवड्याची चिठ्ठी: शेवंतीला काड्यांचा आधार. लिंबाला शेणखत. अबोलीचं बी.

या शेवटच्या ओळीसाठी तुमची मदत हवी आहे. अबोलीची वाळलेली बोंडं पाणी लागलं की फटकन फुटतात आणि बी चारी दिशांना उडतं. पावसात सगळं बी खालच्या मजल्यावर गेलं. आता बोंडांवर मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या आहेत. पण नर्सरीत मिळते ती बहुतेक ‘दिल्ली’ अबोली, जिला बीच धरत नाही, फांदी लावूनच वाढवावी लागते. आईंना हवी आहे ती कोकणातली जुनी, फिकट केशरी, बी धरणारी. ठाणे-कल्याण पट्ट्यात कुणाकडे असेल तर सांगा. बदल्यात पिवळ्या शेवंतीची कलमं जूनमध्ये देईन.