पीएच.डी., पाळणाघर आणि काउन्सिल टॅक्स

मूल सांभाळून इंग्लंडमध्ये शिकणाऱ्यांना सरकारकडून काय मिळते, असा प्रश्न इकडे येण्याच्या तयारीत असलेली जोडपी मला वरचेवर विचारतात. उत्तराची सुरुवात नकारानेच करावी लागते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या कुटुंबाला सरकारी निधीतून मदत घेण्यास मनाई असते आणि चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा भत्ता) या दोन्ही गोष्टी त्या मनाईत येतात. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी जोडीदाराला व मुलांना सोबत आणण्याची मुभा संशोधनपर पदवीचे विद्यार्थी आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले विद्यार्थी यांच्यापुरतीच उरली आहे. एक वर्षाच्या नेहमीच्या मास्टर्सला येणाऱ्यांसाठी तो मार्ग बंद झाला.

मात्र ही मनाई लोक समजतात तितकी व्यापक नाही. भीतीपोटी हक्काच्या सवलतीही न मागणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सरकारी शाळेतील शिक्षण मोफतच असते. इंग्लंडमध्ये मूल तीन वर्षांचे झाल्यानंतरच्या सत्रापासून नर्सरीचे आठवड्याला १५ तास, वर्षातले ३८ आठवडे, कोणालाही विनामूल्य मिळतात आणि शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांत दुपारचे जेवणही. यांपैकी काहीही घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही. आरोग्यसेवेसाठी तर व्हिसा काढतानाच माणशी वर्षाला ७७६ पौंड भरलेले असतात; त्याखेरीज गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर वर्षभर प्रमाणपत्र दाखवून औषधांचे शुल्कही माफ होते.

सर्वांत मोठी रक्कम वाचते ती काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे राहत्या घरावर काउन्सिल (स्थानिक प्रशासन) घेते त्या करात. वर्षाकाठी किमान २४ आठवडे आणि आठवड्याला सरासरी किमान २१ तास अभ्यास असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याची या करासाठी गणनाच होत नाही. घरातील सगळे प्रौढ विद्यार्थी असतील, तर कर पूर्ण माफ. एक विद्यार्थी आणि एक नोकरदार असे घर असेल, तर गणनेत एकच प्रौढ उरतो, म्हणून २५ टक्के सूट. येथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. पण विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटींमुळे त्याला नोकरी करता येत नसेल किंवा सरकारी भत्ते मागता येत नसतील, तर त्याचीही गणना होत नाही. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण डिपेंडंट (विद्यार्थ्याचा कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या) व्हिसावरचा जोडीदार पूर्णवेळ नोकरी करत असला तरी भत्त्यांची मनाई त्याला लागू असतेच आणि त्यामुळे संपूर्ण घराला करमाफी मिळू शकते. आमच्या घरी तरीही २५ टक्के सूट देऊन उरलेल्या रकमेचे बिल आले होते. विद्यापीठाचे प्रमाणपत्र, जोडीदाराच्या व्हिसाच्या अटी आणि नियमाचा उल्लेख असे पत्र पाठवल्यावर ते रद्द झाले. काउन्सिलच्या खिडकीवरचा माणूस हा नियम स्वतःहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

इथल्याच रहिवाशांची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पहिली पदवी घेणाऱ्या आईला किंवा वडिलांना उत्पन्न पाहून पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा एका मुलासाठी आठवड्याला १९९.६२ पौंड आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ३४२.२४ पौंड आहे. ते फेडावे लागत नाही. मूल असलेल्या विद्यार्थ्याला युनिव्हर्सल क्रेडिटही मागता येते, परंतु निर्वाहासाठीचे शैक्षणिक कर्ज, दरमहा ११० पौंड वगळून, तिथे उत्पन्न म्हणून धरले जाते. जे व्याजासह परत करायचे ते उत्पन्न कसे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

पहिल्या पदवीच्या पुढे गेले की हे अनुदान संपते. पीएच.डी. करणाऱ्या पालकांची अडचण तर आयकराच्या माफीतूनच निर्माण होते. संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संशोधन परिषदांचा २०२५-२६ चा किमान स्टायपेंड (निर्वाहासाठीची रक्कम) वर्षाला २०,७८० पौंड आहे आणि शिष्यवृत्ती म्हणून त्यावर आयकर लागत नाही. नोकरदार पालकांना मूल नऊ महिन्यांचे झाल्यानंतरच्या सत्रापासून नर्सरीचे आठवड्याला ३० तास विनामूल्य मिळतात, पण त्यासाठी दोघांपैकी प्रत्येकाची, किमान वेतनाने १६ तासांची, म्हणजे २०२५-२६ च्या दराने आठवड्याला सुमारे १९५ पौंडांची कमाई लागते आणि स्टायपेंड ही कमाई धरली जात नाही. आठवड्याला ४०० पौंड हाती येणारी संशोधक आई या हिशेबात बेरोजगार ठरते. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत नर्सरीचे बिल तिने त्याच स्टायपेंडमधून भरायचे. बाळंतपणाच्या रजेबाबत मात्र संशोधन परिषदांची तरतूद बरी आहे: ५२ आठवड्यांच्या रजेपैकी पहिले २६ आठवडे पूर्ण स्टायपेंड, पुढचे १३ आठवडे नोकरदार आईला कायद्याने मिळणाऱ्या मातृत्व वेतनाच्या पातळीवर आणि उरलेले १३ बिनपगारी. हे परिषदांच्या निधीवरच्या विद्यार्थ्यांना लागू होते. विद्यापीठाच्या किंवा स्वतःच्या पैशांवर शिकणाऱ्यांनी आपल्या विभागाचे नियम प्रवेश घेण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावेत.