रोहूचं जिरं: इंजेक्शनपासून पिशवीपर्यंत

जिरं म्हणजे माशाची नुकती फुटलेली पिल्लं, आणि ती जिथे तयार होतात ती हॅचरी. आमची हॅचरी पाहायला येणारे बहुतेक जण माशाला अंडी देण्यासाठी टोचायच्या इंजेक्शनचे फोटो काढून निघून जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. आमच्याकडे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन चांगल्या सरी झाल्या आणि पाण्याचं तापमान २७-२८ अंशांवर आलं की रोहूची पहिली बॅच लावतो. ३१ च्या वर पारा असेल तर थांबतो, कारण त्या पाण्यात वाकड्या शेपटीची पिल्लं वाढतात.

रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात कितीही पोसले तरी साठलेल्या पाण्यात अंडी टाकत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली. आजची बाटली ओव्हाप्रिमची. तिच्यात दोन औषधं असतात. एक सॅल्मन माशाच्या मेंदूतल्या संप्रेरकाची कृत्रिम नक्कल, मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम. दुसरं डोमपेरिडोन, मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे ओकारीवर आपण घेतो तेच. पहिलं पीयूषिकेला ‘संप्रेरक सोड’ म्हणतं, दुसरं तिला अडवणाऱ्या डोपामिन या रसायनाला बाजूला सारतं. (बाजारात रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, त्याचा इथे काही संबंध नाही.)

निवड हाताने करायची. नराच्या छातीचा पर वरच्या बाजूने चोळला तर खरखरीत लागतो आणि पोटावर हलका दाब दिला की दुधासारखा थेंब येतो. मादीचा पर गुळगुळीत, पोट मऊ, गुदद्वार गुलाबी आणि सुजलेलं. पोट मोठं पण टणक असेल तर ती मादी परत तळ्यात, तिला आठ-दहा दिवस हवेत. नुसतं खाऊन फुगलेलं पोट फसवतं, म्हणून निवडीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद.

वजनाला नर-मादी समान घेतो. मादीला किलोमागे ०.३५ मिली, नराला ०.१५. अडीच किलोच्या मादीला साधारण ०.९ मिली होतं. ओला फडका डोळ्यांवर टाकला की मासा शांत राहतो. सुई शेपटीच्या देठाजवळ, बाजूच्या रेषेच्या वर, खवल्याखालून तिरकी घालायची आणि काढल्यावर अंगठ्याने क्षणभर दाबून धरायचं, नाहीतर औषध परत बाहेर येतं. मासे दगावतात ते बहुधा औषधाने नाही, हाताळणीने.

संध्याकाळी सहाला टोचलं की पहाटे तीन-चारला गोल टाकीत खळबळ सुरू होते. भिंतीतल्या तिरक्या नळांनी पाणी फिरतं ठेवलेलं असतं. अंडी बाहेर पडताना दीड मिलिमीटरच्या आसपास, पाणी पिऊन फुगली की चार-पाच मिलिमीटर, अगदी भिजलेल्या साबुदाण्यासारखी. मादीच्या किलोमागे दीड-दोन लाख धरून चालतो. तळाच्या पाइपने ती उबवण टाकीत उतरवायची, घनमीटरला सात लाखांपर्यंत. चार-पाच तासांनी शंभर अंडी पांढऱ्या बशीत घेऊन मोजतो. फळलेलं अंडं काचेसारखं पारदर्शक राहतं, न फळलेलं पांढरट पडतं. साठाच्या खाली आकडा आला तर पुढच्या बॅचला नर बदलायचे.

आता जाळी. उबवण टाकीच्या मधोमध गोल पिंजरा, त्यावर ६० नंबरची नायलॉन जाळी. पाणी तळाच्या चपट्या तोंडाच्या नळांतून येऊन फिरतं आणि जाळीतून बाहेर जातं. वेग मोजायला यंत्र लागत नाही. तीन मीटर व्यासाच्या टाकीत कडेला झाडाचं पान टाका. अंड्यांच्या वेळी त्याची फेरी वीस-चोवीस सेकंदांत व्हायला हवी. पिल्लं फुटली की व्हॉल्व्ह आवळून तीच फेरी पंचेचाळीस-पन्नास सेकंदांवर आणायची, कारण नवजात जिऱ्याला पोहता येत नाही. वेग जास्त राहिला तर ते जाळीवर चिकटून चिरडतं, पाणी थांबलं तर तळाला ढीग होऊन गुदमरतं.

२८ अंशाला चौदा ते अठरा तासांत अंडी फुटतात, म्हणजे नेमकी रात्री. त्या दोन-तीन तासांत लाखो टरफलं जाळीवर बसतात, भोकं बुजतात, बाहेरची पातळी चढते आणि पाणी कठड्यावरून जिऱ्यासकट वाहू लागतं. नुकसान झालं की लोक औषधाला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा कारण इथेच असतं. दोघांनी पाळीपाळीने मऊ ब्रश आतून हलकेच फिरवत राहायचं, अर्ध्या तासाच्या आत. लाइट जाणार हे गृहीत धरून उंचावरची टाकी भरलेली आणि डिझेल पंप एकदा चालवून पाहिलेला हवा. तळ्याचं पाणी घेत असाल तर नळाला बारीक कापड बांधा, नाहीतर सायक्लॉप्स नावाचे बारीक जलजीव शिरतात आणि जिरं कुरतडतात.

बहात्तर तासांत पोटावरची बलकाची पिशवी संपते, तोंड उघडतं. जिरं तेव्हा सहा-सात मिलिमीटरचं असतं. कपाने मोजतो, निथळलेल्या एका मिलिलिटरला साधारण पाचशे. पिशवीत एक तृतीयांश पाणी, वर ऑक्सिजन. सहा लिटर पाण्यात जवळच्या गावासाठी पन्नास हजार, रात्रभराच्या प्रवासाला पंचवीस हजारच.

घेणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगतो. संगोपन तळ्यात उलटे पोहणारे किडे असतील तर दोन दिवसांत अर्धं जिरं जातं. दहा गुंठ्यांना ५.६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १.८ किलो कपड्याचा साबण घ्यायचा. साबण गरम पाण्यात विरघळवून तेलात घोटायचा आणि आदल्या दिवशी वारा पडलेला असताना पाण्यावर पसरायचा. किडे श्वासाला वर येतात आणि तवंगाखाली मरतात. वारा असेल तर तवंग एका कडेला गोळा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या दिवशी तवंग विरला की पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तोंड उघडायचं, दहा गुंठ्यांत तीन ते पाच लाख. त्याच संध्याकाळपासून शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, सम प्रमाणात, कापडातून चाळून.