बुवा नसलेलं भजन

कॅमेरूनमध्ये राजधानी याउंदेहून लोमियेला जाताना आबाँग-म्बांग गाव सोडलं की जांभ्याची तांबडी माती सुरू होते. राजापूरची आठवण येते, तेवढ्यात समोरून ओंडक्यांनी लादलेला ट्रक येतो आणि आठवण-बिठवण सगळी धुरळ्यात. मोबाइल टॉवरच्या सर्व्हेसाठी आठवडाभर तिकडे होतो, मुक्काम बाका लोकांच्या वस्तीशेजारी. कॅमेरूनच्या आग्नेय जंगलातले हे मूळचे शिकारी. ‘पिग्मी’ हा शब्द इथे अनेकांना टोचतो, तेव्हा बाकाच म्हणायचं.

दुसऱ्या रात्री गाणं सुरू झालं. गावी वीस वर्षं भजनात टाळ कुटलेत, त्यामुळे सवयीने आधी बुवा शोधला. सापडेना. मोंगुलूच्या, म्हणजे पानांनी शाकारलेल्या घुमटीसारख्या झोपडीच्या दारात बसलेल्या एका बाईने पोराला पाजता पाजता छोटा तुकडा गुणगुणला. शब्द जवळजवळ नाहीतच. आवाज छातीतून टुणकन टाळूत जातो आणि परत खाली येतो. पलीकडचीने तिच्यामागे म्हटलं नाही, मधल्या फटीत आपला वेगळाच तुकडा बसवला. मग तिसरीने, चौथीने. बघता बघता दहा-बारा जणी झाल्या, प्रत्येकीचं निराळं. पहिली मधेच थांबून पोराचं नाक पुसायला लागली, तरी गाणं तसंच चालू. आमच्या बुवांना ठसका लागला तर अख्खा अभंग लोंबकळतो!

एक चिमुरडी डबा बडवत होती. ठेका चुकत होता (निदान माझ्या हिशेबाने). कुणी डोळे वटारले नाहीत.

वाटाड्या बाकाच. त्याला विचारलं, यात सगळ्यात चांगलं कोण गातं? तो म्हणाला, ‘त्या दोघी नुसत्या गप्पा मारतायत, त्या वाईट.’ मग माझ्याकडे बघून हसला. मीही गप्पच होतो.

शिकारीआधी बायका ‘येल्ली’ गातात, त्याने जनावरं भुलतात असं मानतात. मग मारलेलं जनावर एकट्या शिकाऱ्याचं कसं? शेजारच्या काँगोतल्या म्बेन्जेले लोकांत तर कुणी वेडंवाकडं वागलं की म्हाताऱ्या बायका त्याची हुबेहूब नक्कल करतात, सगळी वस्ती खदखदून हसते. त्याला ‘मोआजो’ म्हणतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे लागू करायला हवं.

पण ही बरोबरी वस्तीपुरतीच. सकाळी त्याच बायका शेजारच्या बांटू शेतकऱ्याच्या कोकोच्या बागेत मजुरीला निघाल्या. तो त्यांच्याशी ज्या आवाजात बोलत होता, तो आवाज मला गावाकडून ओळखीचा आहे.

माझ्या फॉर्मात एक रकाना होता: मुखियाचं नाव आणि सही. तिघांना विचारलं, तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी वाटाड्या म्हणाला, ज्याला फ्रेंच येतं त्याचं लिही. लिहिलं. सही करण्याआधी तो फॉर्म घेऊन झोपडी-झोपडी फिरून आला, अर्धा तास.