प्रॉक्सी अपडेट: एक्सचं होमिंग बसलं, फॉइलने मात्र गंडवलं

माझ्या सीएनसी मशीनच्या एक्स अक्षाचं होमिंग (म्हणजे मशीनने स्वतः शून्याची जागा शोधणं) प्रॉक्सीवर, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर, एकदाचं बसलं! डायल गेज लावून परत परत होम केलं, काटा दोन घरांच्या बाहेर जात नाही, म्हणजे ०.०२ मिमीच्या आत. ज्यांनी 'प्रॉक्सी फेक, मायक्रोस्विच लाव' म्हटलं होतं त्यांच्याकडे एक कटिंग चहा लागू.

सेन्सर आपला सगळ्यांचा तोच, लॅमिंग्टन रोडवरचा एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स. रेंज ४ मिमी म्हणतात, पण ती समोर १ मिमी जाड एमएसची (साध्या माइल्ड स्टीलची) पट्टी धरून मोजलेली. माझी गॅन्ट्रीची (मशीनच्या सरकत्या पुलाची) साइड प्लेट जाड ॲल्युमिनियमची, ती दीड मिमीपर्यंत आली तरच हा ओळख दाखवतो. ॲल्युमिनियमला फॅक्टर (रेंजला गुणायचा आकडा) ०.३ ते ०.४५ धरतात, पितळेचंही साधारण तसंच. हा काही लोहचुंबक नाही, कॉइल समोरच्या धातूत एडी करंट (गोल फिरणारा करंट) पाडते, त्यात कॉइल चालवणाऱ्या ऑसिलेटरची ताकद खर्च झाली की सेन्सर ट्रिप होतो, आणि जाड ॲल्युमिनियममध्ये करंट इतका आरामात फिरतो की खर्चच कमी होतो. आता दीड मिमीवर सेट करायचं म्हणजे गॅन्ट्री कधीतरी सेन्सरच्या तोंडावर आपटणारच.

त्यात हा ४ मिमीवाला नॉन-फ्लश, म्हणजे तोंडाच्या बाजूचा धातूही बघणारा, धातूत सपाट बसवायचा नाही असा. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला 'साहेब, कसाही लावा', आणि ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये तोंड सपाट बसवलं तर लाल दिवा कायमचा पेटलेला, कारण तो ब्रॅकेटच बघत बसला होता. तोंड बरंच बाहेर काढल्यावर गप्प झाला.

मग वैतागून डब्याच्या चपात्या गुंडाळायचा फॉइल समोर धरला, तर प्लेटच्या दुपटीहून लांबून लाल! फॉइल इतका पातळ की त्यात करंटला अडथळा वाढतो, खर्च वाढतो आणि सेन्सरला ते जवळपास लोखंडासारखं वाटतं. खूश होऊन तोच फॉइल प्लेटवर चिकटवला तर सगळं मुसळ केरात, मागे जाड ॲल्युमिनियम आलं की पुन्हा दीड मिमी. बरं, मग पीईटीजी प्लास्टिकचा फ्लॅग (सेन्सरसमोर येणारी पट्टी) थ्रीडी प्रिंट करून त्यावर फॉइल लावू म्हटलं, प्रिंट अर्धी झालीसुद्धा, आणि तेवढ्यात ट्यूब पेटली की कटिंगच्या चिप्स म्हणजे पण पातळ ॲल्युमिनियमच की! डब्ल्यूडी-४० मारून कापतो तेव्हा ओल्या चिप्सचा गोळा सेन्सरच्या तोंडावर बसतो. मधूनच येणाऱ्या हार्ड लिमिट अलार्मसाठी (अक्ष टोकाला पोचला समजून मशीन थांबतं तो) सगळे व्हीएफडीच्या (स्पिंडलची मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या) नॉइजला शिव्या घालतात, माझा अलार्म तोंड पुसल्यावर गेला. (पीसी८१७ ऑप्टो, म्हणजे सिग्नल प्रकाशातून देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा चिप, मात्र हवाच, या सेन्सरच्या आउटपुटला आतूनच २४ व्होल्ट सप्लायशी जोडणारा रेझिस्टर (पुल-अप) असतो, तो थेट अर्डुइनो कंट्रोलर बोर्डाला नको.)

म्हणून प्रिंट कॅन्सल, मुंबईच्या नागदेवी बाजारातून एमएसची पट्टी. १२ बाय १२ मिमीचा तुकडा पुरतो, माझा थोडा मोठाच आहे. तो सेन्सरच्या समोरून आडवा सरकतो, गॅप २ मिमी, त्यामुळे ओव्हरशूट झाला तरी काही आपटत नाही, आणि सेन्सरचं तोंड खाली, म्हणजे चिप्स साठत नाहीत. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या फर्मवेअरमध्ये) पुल-ऑफ, म्हणजे सेन्सर लागल्यावर मागे सरकायचं अंतर, ३ मिमी केला, दुसऱ्यांदा अक्ष हळू आणि त्याच बाजूने येतो, म्हणून हिस्टेरेसिसचा (सेन्सर लागायची आणि सुटायची जागा वेगळी असण्याचा) त्रास नाही. पट्टीवर ऑइल पेंट मारलाय, पावसाळ्यात इथे एमएस उघडं ठेवायची सोय नाही, आणि सेन्सरला रंगाशी काही देणंघेणं नाही. सगळ्या धातूंना सारखी रेंज देणारे फॅक्टर १ सेन्सर मिळतात, पण त्यांच्या भावात माझा अख्खा कंट्रोलर बसेल.

वायला पण असाच फ्लॅग लावणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं, एचजीएच२० लिनियर रेलवर सरकणारा ब्लॉक स्टीलचाच आहे की! फ्लॅगच नको. फक्त एंड कॅप प्लास्टिकची, तेव्हा ब्लॉकच्या बाजूने बघावं लागेल, आणि शेजारी रेल पण स्टीलची असल्याने नॉन-फ्लश तिलाच पकडेल. म्हणजे इथे २ मिमीचा फ्लशवाला. जागा मोजून शनिवारी लॅमिंग्टन.