पटाशीचं पाणी (धारेचा कडकपणा) न उतरवता अवजारांवरचा वाळलेला गोंद काढताना

फर्निचर आणि टाइल्सचं काम उरकलं की पेटीतली निम्मी अवजारं गोंदानं माखलेली असतात. थिनर, अ‍ॅसिटोन, पितळी ब्रश हे सगळं इंदूरला सियागंजात मिळतं, पण काय आणायचं ते गोंद ओळखल्यावरच ठरतं. सगळ्यावर थिनर ओतून काही होत नाही.

मी आधी डागाच्या कडेला गरम पाण्याचे दोन थेंब ठेवतो. पाचेक मिनिटांत तो पांढरट होऊन फुगला, तर सुतारकामाचा पांढरा गोंद. फुगला नाही, तर अ‍ॅसिटोनचा बोळा दाबून बघतो. तार सुटू लागली की तो सनमायका चिकटवायचा रबरी गोंद. दोन्हींना दाद देत नाही तो बहुतेक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक गोंद) नाहीतर पीयू (पॉलियुरेथेनचा गोंद). टाइलच्या गोंदाला परीक्षा लागत नाही, बोटाला वाळू लागते.

पांढरा गोंद सोपा. हाताला सोसवेल त्याहून जरा गरम पाण्यात अर्धा तास, मग भांड्याची घासणी. मात्र लगेच कोरडं करून तेल लावायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंजाचे ठिपके.

रबरी गोंदाला वेळ द्यावा लागतो. अ‍ॅसिटोन ५६ अंशांवर उकळतं. मे महिन्यात तर नुसतं पुसलं की काम व्हायच्या आत उडून जातं. म्हणून चिंधी भिजवून पात्यावर गुंडाळायची, वरून पॉलिथिनची पिशवी आवळायची आणि अर्धा-पाऊण तास ठेवायचं. गोंद मऊ झाला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं एका दिशेनं ढकलायचा. मागेपुढे घासलं तर तो नुसता पसरतो. मुठीपर्यंत बुडवू नये: पक्कडीचं पीव्हीसी कव्हर आणि स्क्रूड्रायव्हरच्या बऱ्याचशा पारदर्शक मुठी अ‍ॅसिटोनमध्ये चिकट होतात. पक्कडीच्या सांध्यात ड्रॉपरनं थेंब सोडून ती उघडझाप करत राहायची, मळ बाहेर येतो. मग मशीन ऑइल. पातळ निळे नायट्राइल हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाहीत, काम जाड रबरी मोज्यांनीच करावं.

पूर्ण वाळलेलं इपॉक्सी विरघळत नाही, ते उष्णतेनं ढिलं करावं लागतं. हीट गन वीतभर अंतरावरून फिरवत ठेवायची आणि पात्याच्या मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघायचं. चर्र करून उडाला की पुरे, तेवढ्यात इपॉक्सी रबरासारखं होतं आणि बोथट पत्तीनं सालपटं निघतात. थंड झालं की पुन्हा दगड, म्हणून एका वेळी दोन-तीन इंचच तापवतो. पटाशीची धार ओल्या फडक्यात गुंडाळलेली हवी. पोलादावर पिवळसर झाक २२० अंशांच्या आसपास येते, निळी ३०० च्या आसपास. धार निळी पडली म्हणजे तिचं पाणी उतरलंच, कितीही लावली तरी टिकत नाही. ग्राइंडर लावणाऱ्यांच्या पटाश्या अशाच वाया जातात. आणि अ‍ॅसिटोन वापरलेल्या जागी हीट गन कधीच नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि ठिणगी शोधत बसते.

पीयूलाही हीच रीत, फक्त कमी उष्णता आणि जास्त खरवडणं. सिलिकॉन ब्लेडनं सोलून काढायचं, बाकी राहिलेला पापुद्रा अंगठ्यानं चोळला की वळ्या होऊन सुटतो.

कानशीत अडकलेला गोंद मात्र वेगळा. मऊ केल्यावर पितळेच्या पट्टीची कड दातांच्या रेषेत दाबून ढकलायची. थोड्या वेळानं त्या कडेलाच दातांसारख्या खाचा पडतात आणि मग ती प्रत्येक सरीच्या तळापर्यंत पोचते. लोखंडी पट्टी वापरली तर दातांची धार जाते.

टाइलच्या गोंदावर संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतायचा सल्ला हमखास मिळतो. सिमेंट विरघळतं खरं, पण पोलादही खातं, आणि त्याच्या वाफेनं शेजारच्या अवजारांवरही गंज चढतो. त्यापेक्षा गोंद पसरवायची दातेरी पट्टी सपाट लाकडावर ठेवून हलके ठोके द्यावेत, खपल्या उडतात. उरलेल्यावर व्हिनेगरची चिंधी तासभर, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुणं, कोरडं करणं आणि तेल.

थिनर-अ‍ॅसिटोनच्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवायच्या आणि मग कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या खान्यात टाकायच्या, सुक्यात नाही.