सही जुळत नाही, म्हणून अंगठा!

पेन्शन दर महिन्याला खात्यात जमा होते, तसा मेसेजही येतो, आणि त्यातला एक रुपया काढता येत नाही, अशी माझी अवस्था गेल्या पावसाळ्यात झाली होती. निमित्त केवायसीचं, म्हणजे बँकेला आपली ओळख पुन्हा पटवून देण्याचं. ती राहिली म्हणून खातं अडवलेलं. पण मला छळलं ते केवायसीने नाही, सहीने. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून काढतेय. आमच्या गुहागरकडे नजर अधू झालेले पेन्शनर बरेच आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीच्या सुमारास काचबिंदू निघाला. ह्या दुखण्यात नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. आधी समोरच्याचं नाक दिसायचं, कान दिसायचे नाहीत. आता नाकही धूसर झालंय. रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलातून अपंगत्वाचा दाखला झाला, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, घरी आलं. फोन मी टॉकबॅक लावून चालवते, तो स्क्रीनवरचं बोलून दाखवतो. लाइटबिल, गॅस, बहिणीला पाठवायचे पैसे, सगळं माझं मी करते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे बँकेतल्या सगळ्यांना मी जणू आजच जन्मले असं वाटत होतं.

केवायसी आधी ॲपवर करून बघितली. चेहरा गोलात आणा, मग डोळे मिचकावा. गोल नक्की कुठे आहे ते टॉकबॅक काही सांगेना. फोन वर धरला, खाली धरला, दर वेळी ‘पुन्हा प्रयत्न करा’. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ रोजी ह्याच गोष्टीवर निकाल दिलाय. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अंध किंवा ॲसिड हल्ल्यात चेहरा जळालेल्या माणसांना जमेल अशी केवायसी ठेवा, असं सांगून २० निर्देश दिलेत. आमच्या ॲपला त्याचा पत्ता नव्हता. तुमचा पत्ता आणि बाकी माहिती बदललेली नसेल तर ह्या भानगडीत पडूच नका. ‘काही बदल नाही’ एवढं स्वतःचं निवेदन रिझर्व्ह बँकेला चालतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलने किंवा साध्या पत्राने ते देता येतं. मला हे शाखेत कुणी सांगितलं नाही.

शाखा बाजारपेठेत, पहिल्या माळ्यावर. जांभ्याच्या पायऱ्या, कडा झिजलेल्या, पावसात शेवाळ धरलेल्या, आणि कठडा एकाच बाजूला. खाली एटीएमला रॅम्प आहे, त्यावर कायम कुणाची तरी स्कूटर लावलेली असते. वरच्या क्लार्कपैकी एकाच्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, आहे. तो रोज ह्याच पायऱ्या चढतो. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के राखीव जागा आहेत, आणि २०१६च्या अपंग हक्क कायद्याचं २०वं कलम म्हणतं की नेमलेल्या माणसाला काम करता येईल अशी सोय आणि अडथळे नसलेली जागाही द्यायची. ह्या मुलाला जागा दिली ती जिन्याच्या वर. एकदा मी त्याला म्हटलं, तुम्ही खालच्या मजल्यासाठी अर्ज का नाही करत? तर म्हणाला, “बाई, अर्ज केला की बदली होते.”

आता सही. पुतण्या रिक्षाने घेऊन गेला होता. फॉर्मवर सही केली, काउंटरवरचा म्हणाला, जुळत नाही. कशी जुळेल? त्यांच्याकडची सही माझ्या धडधाकट डोळ्यांची. आता ओळ दिसत नाही, पेन टेकवलं कुठे ते कळत नाही, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. कोऱ्या कागदावर पुन्हा करून दाखवली, ती तिसऱ्याच वळणाची आली. तेव्हा तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि पुतण्याला म्हणाला, “दादा, ह्यांचा अंगठा घेऊ या. नाहीतर सरळ जॉइंट खातं करून टाका, तुमच्या नावावर.” पुतण्या शहाणा आहे. म्हणाला, “काकीला विचारा, खातं तिचं आहे.”

अंगठा दिला की काय होतं ते मग मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये कळलं. चहा पाजला, आदराने बोलले, आणि सांगितलं की अंगठ्याच्या खात्याला चेकबुक मिळत नाही, एटीएम कार्ड बंद होतं, पैसे काढायला दर वेळी स्वतः यायचं. “मॅडम, तुमच्या भल्यासाठीच आहे हे. उद्या कुणी चेकवर भलतीच रक्कम लिहून तुमची सही घेतली तर?” मी विचारलं, डोळस माणसाला कुणी फसवत नाही का? ते हसले. मग म्हणाले, चेकबुक हवंच असेल तर ‘काही झालं तर जबाबदारी माझी’ असं लिहून द्या. मी नाही म्हटलं.

रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८चं परिपत्रक मी छापून नेलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे, आणि चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, सगळं त्यांना कुठलाही भेदभाव न करता द्यायचं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “हे बरोबर आहे, पण हे अंध ग्राहकांसाठी. तुमचा प्रश्न सहीचा आहे. सही जुळत नाही म्हणून अंगठा, आणि अंगठा म्हणून चेकबुक नाही. ह्यात दृष्टीचा संबंधच येत नाही.” उभा जन्म मी पोरांना अक्षर गिरवायला लावलं आणि ही बँक मला निरक्षरांच्या यादीत घालत होती, तेही माझ्या डोळ्यांचा ह्यात काही संबंध नाही असं समजावून!

मी म्हटलं, हेच मला लेखी द्या. तर म्हणे, असं लेखी देत नाही. तोंडी नकाराला काही किंमत नाही, हे एवढं लक्षात ठेवा. मी फोनवर बोलून अर्ज तयार केला, झेरॉक्सच्या दुकानात छापला आणि आवकमध्ये दिला. आवकवाला शिक्का मारायला तयार नाही. साहेबांना विचारतो म्हणाला, साहेब जेवायला गेलेले. मी बाकावर बसून राहिले. बाहेर धो धो पाऊस, पंख्याचा खडखडाट, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारायचं, “मावशी, तुमच्याबरोबर कोण आहे?” साहेब आले तरी शिक्का काही मारला नाही. मग पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने शाखेला पाठवला, आणि ईमेलने बँकेच्या तक्रार विभागाला. खाली एक वाक्य टाकलं: ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकील लागत नाही. चौकशीचा नंबर १४४४८ आहे, त्यावर फोन करून मी सगळं विचारून घेतलं होतं.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. रिजनल ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, त्यांनी तुमची नमुना सही बदलून का नाही घेतली?”

म्हणजे कुणाचाही हात कापायला लागला, लग्नानंतर आडनाव बदललं, वयामुळे सहीचं वळण बदललं की जे करतात तेच! ओळखपत्र दाखवायचं, अधिकाऱ्यासमोर नवीन सही करायची, जुनीच्या जागी ती चढवायची. फॉर्म त्यांच्या ड्रॉवरमध्येच होता. चहा निवायच्या आत काम झालं. त्याच दिवशी खातं सुटलं, चेकबुक नंतर पोस्टाने आलं. साहेब म्हणाले, “आधी बोलायचं ना.” मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

सही एकसारखी येण्यासाठी मी एक युक्ती केलीय, ती आधीच सांगायला हवी होती. जाड पुठ्ठ्याला सहीच्या मापाची लांबट खिडकी कापायची, ती सहीच्या जागेवर कुणाकडून तरी ठेवून घ्यायची आणि बोटाने कड चाचपून आतच सही करायची. जुन्या एटीएम कार्डाची कापली तर जास्त टिकते. सहीही आखूड करा, आडनाव आणि एक आद्याक्षर पुरे. नमुना देतानाच ही खिडकी वापरा. आता माझी सही जुळते.

शाखेत भिंग मागून बघा. २०१४ सालापासून कमी दिसणाऱ्यांसाठी प्रत्येक शाखेत भिंग ठेवायचं आहे. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोरंच्या कोरं निघालं. मला त्याचा आता उपयोग नाही, पण काउंटरवर ठेवायला लावलं. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरी येऊन रोख रक्कम द्यायची, चेक न्यायचे, हे रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात आहे. जॉइंट खात्याचा आग्रह झाला तर ‘नको’ एवढंच म्हणा, कारणं देत बसू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप आहे, नेट नसलं तरी चालतं. बाजारात रेंज जाते तेव्हा बरं पडतं.

एटीएमचं काम अजून अडलंय. १ जुलै २०१४पासून बसवलेलं प्रत्येक नवीन एटीएम बोलणारं हवं, असा नियम आहे. खालच्या मशीनच्या बटणांवर ब्रेल आहे, इयरफोनचं भोकही आहे. जाताना जुन्या गोल पिनेचा इयरफोन न्या, नव्या फोनचा त्यात बसत नाही. मी तो घालून उभी राहिले तर नुसती खरखर. तक्रार टाकलीय. स्कूटरबद्दलही त्याच अर्जात लिहिलंय, आणि ह्या वेळी आवकवाल्याने न विचारता शिक्का मारून दिला.