पिट्सबर्गहून गेलेले खेळाडू

पुण्यातला माझा भाऊ, इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी आणि कामाच्या ठिकाणी नव्याने आलेली तरुण मुले मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. तुमच्या पायरेट्स या बेसबॉल संघात ज्याचे काही जमत नव्हते, तो खेळाडू दुसरीकडे गेला की एकाएकी इतका चांगला कसा खेळू लागतो, आणि ते पाहून तुम्हाला वाईट वाटत नाही का? आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होत असे, पण हा प्रश्न दोन वाक्यांत मावणारा नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

मी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला आले. १९९३ पासून २०१२ पर्यंत, सलग वीस हंगाम, पायरेट्सने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक होते, आणि उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतका लांब पराभवाचा काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही. म्हणजे या शहरातल्या माझ्या पहिल्या सतरा उन्हाळ्यांत मी एकही विजयी हंगाम पाहिला नाही. या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार मला एवढ्या सोबतीमुळेच मिळाला आहे असे मी मानते.

उत्तराची सुरुवात मला एका रात्रीपासून करावी लागेल. ७ ऑक्टोबर २०१५ रोजी ॲलेगेनी नदीकाठच्या पीएनसी पार्कमध्ये पायरेट्सचा शिकागो कब्जशी एकच बाद सामना होता, हरेल तो संघ तिथेच स्पर्धेबाहेर. त्या वर्षी आमच्या संघाने ९८ सामने जिंकले होते, पण आमच्याच गटात सेंट लुईसने शंभर जिंकल्यामुळे पुढची वाटचाल त्या एका रात्रीवर येऊन ठेपली होती. सगळे स्टेडियम काळ्या कपड्यांनी भरले होते आणि मीही मुलाचा काळा स्वेटर घालून वरच्या मजल्यावर बसले होते. आमच्याकडून चेंडू टाकायला, म्हणजे पिचर म्हणून, उभा होता गेरिट कोल आणि शिकागोकडून जेक ॲरिएटा. ॲरिएटाने पूर्ण नऊ इनिंग्ज, म्हणजे सामन्यातले सगळे डाव, टाकले, अकरा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि एकही धाव दिली नाही. आम्ही ४-० असे हरलो. चारही धावा कोलच्या खात्यावर लागल्या.

हा ॲरिएटा दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाल्टिमोर ओरिओल्सचा होता, आणि तिथे त्याची नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी ५.४६ होती. ही सरासरी जितकी कमी तितका पिचर चांगला, आणि साडेपाचच्या आसपास रेंगाळणाऱ्याला फार दिवस संधी मिळत नाही. चेंडू टाकताना त्याचा पाय सरळ फलंदाजाच्या दिशेने न पडता थोडा आडवा, तिसऱ्या बेसच्या बाजूला पडतो. बाल्टिमोरमध्ये त्याची ही ढब सरळ करण्याचे प्रयत्न झाले. जुलै २०१३ मध्ये तो शिकागोला गेला आणि तिथे त्याला त्याच्या अंगच्या पद्धतीने चेंडू टाकू दिला गेला. २०१५ मध्ये त्याने २२ सामने जिंकले, त्याची सरासरी १.७७ झाली आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कारही त्याला मिळाला. ज्या रात्री बाल्टिमोरने हातचा घालवलेला माणूस आमच्या डोळ्यांसमोर झळकत होता, त्याच रात्री त्याच माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, असा पिचर उभा होता जो दोन वर्षांनी आमच्या हातून जाणार होता. हे मला पुष्कळ नंतर कळले, आणि तेव्हापासून ती रात्र मला निराळीच आठवते.

कोल पिट्सबर्गमध्ये अपयशी होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. २०१५ मध्ये त्याने १९ सामने जिंकले होते. पण २०१७ मध्ये त्याची सरासरी ४.२६ वर गेली, त्याच्या चेंडूंवर ३१ होम रन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर घालवणारे फटके) निघाले, आणि जानेवारी २०१८ मध्ये पायरेट्सने चार खेळाडूंच्या बदल्यात त्याला ह्यूस्टन ॲस्ट्रोजला दिले. पुढच्याच हंगामात ह्यूस्टनमध्ये त्याने २७६ स्ट्राइकआउट घेतले, त्याच्या पुढच्या वर्षी ३२६, आणि २०१९ अखेरीस न्यूयॉर्क यँकीजने त्याच्याशी नऊ वर्षांचा ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला.

मग त्या एका हिवाळ्यात झाले काय? हाताची ताकद वाढली नाही, कारण तो वेग त्याच्याकडे आधीपासून होता. बदलली ती त्याच्याकडून होणारी मागणी. त्या काळात पायरेट्सचे पिचिंग कोच रे सीरेज होते आणि त्यांची शिकवण स्पष्ट होती: चेंडू खाली ठेवा, दोन शिवणींवर बोटे ठेवून शेवटी खाली बसणारा सिंकर टाका, फलंदाजाला तो जमिनीवरून मारायला लावा आणि मागे नेमक्या जागी उभे केलेले क्षेत्ररक्षक बाकीचे काम करतील. ह्यूस्टनने कोलला सिंकर जवळजवळ सोडायला सांगितला, चार शिवणींवर धरलेला वेगवान चेंडू वर, फलंदाजाच्या छातीच्या रोखाने टाकायला सांगितला आणि वळणाऱ्या चेंडूंचे प्रमाण वाढवले. फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारावा ही आमची अपेक्षा होती, त्याची बॅट चेंडूला लागूच नये ही त्यांची.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर सीरेज यांच्यावर मोठा अन्याय होईल. ज्या शिकवणीने कोलला बांधून ठेवले, तिनेच त्याआधी किती जणांना उभे केले होते! ए. जे. बर्नेट २०११ मध्ये यँकीजकडे ५.१५ ची सरासरी घेऊन झुंजत होता. यँकीजने त्याच्या पगाराचा मोठा वाटा स्वतः भरून त्याला आमच्याकडे पाठवले आणि पहिल्याच वर्षी त्याने १६ सामने जिंकले. फ्रान्सिस्को लिरियानो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्यावर कोणाचा फारसा विश्वास उरला नव्हता. २०१३ मध्ये त्याने ३.०२ च्या सरासरीने १६ सामने जिंकले आणि १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीविरुद्धचा तो बाद सामना सात इनिंग्ज टाकून आम्हाला जिंकून दिला. १९९२ नंतरचा आमचा तो बाद फेरीतला पहिला सामना होता, आणि नदीवरच्या क्लेमेंटी पुलावरून घरी परतताना अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. म्हणजे खेळाडू पिट्सबर्ग सोडल्यावरच बहरतात हे खरे नाही. आमच्याकडे येऊन बहरलेलेही आहेत, आणि मला हा प्रश्न विचारणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसतात.

गफलत झाली ती काळाची. खाली येणारा चेंडू वर उचलून मारायला फलंदाज शिकले आणि जमिनीवरून जाणारे फटके आकाशात जाऊ लागले, तरी आमचा संघ ज्या उपायाने एकदा तरला होता त्यालाच धरून राहिला. वीस वर्षांच्या पराभवानंतर एक औषध लागू पडले होते, ते बदलण्याचे धैर्य होणे किती अवघड असेल हे मी समजू शकते. पण त्याची किंमत मोजावी लागली. ३१ जुलै २०१८ रोजी पायरेट्सने क्रिस आर्चर या पिचरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तीन तरुण टॅम्पा बे रेजला देऊन टाकले. साडेसहा फुटांहून उंच असलेल्या ग्लासनाऊची सरासरी पिट्सबर्गमध्ये २०१७ साली ७.६९ होती आणि टॅम्पात २०१९ मध्ये, दुखापतीमुळे बाराच सामने खेळूनही, ती १.७८ झाली. मेडोजने त्याच वर्षी ३३ होम रन मारले. उलट आमच्याकडे आलेल्या आर्चरने पूर्वी टाकून दिलेला सिंकर पुन्हा हाती घेतला, हंगामाच्या मध्यावर तो पुन्हा सोडला, आणि २०१९ मध्ये तीन सामने जिंकून नऊ हरला. त्या हंगामाअखेर सीरेज यांनाही जावे लागले.

याचा अर्थ ह्यूस्टनला सदैव सगळे कळत होते असाही नाही. तोच ह्यूस्टन संघ २०१३ मध्ये १११ सामने हरला होता, आणि २०१४ च्या मार्चमध्ये त्याने जे. डी. मार्टिनेझ नावाच्या फलंदाजाला सरळ सोडून दिले होते. मार्टिनेझने त्याआधीच्या हिवाळ्यात स्वतःच्या फलंदाजीच्या चित्रफिती पाहून, खासगी प्रशिक्षकांकडे कॅलिफोर्नियात जाऊन आपला फटका मुळापासून नव्याने बांधला होता. तो बदलला होता, पण संघाच्या लेखी तो अजून जुनाच मार्टिनेझ होता, आणि सराव सामन्यांत त्याला फारशी संधीही मिळाली नाही. डेट्रॉइटने त्याला घेतले आणि त्या वर्षी त्याने .३१५ च्या फलंदाजीच्या सरासरीने (ही जितकी जास्त तितकी चांगली) २३ होम रन मारले. पुढे २०१८ मध्ये बॉस्टनकडून ४३ होम रन आणि त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या १३० धावा, शिवाय विश्वविजेतेपदही. मला ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते, कारण इथे सुधारणा आधी झाली आणि स्थलांतर नंतर. मार्टिनेझला लागले होते ते त्याला नव्याने पाहणारे डोळे. सतत हरणाऱ्या संघात नेमके तेच दुर्मीळ असते. तिथे प्रत्येकाला उद्याच्या सामन्याची घाई असते, आणि माणसाविषयी एकदा बनलेले मत तपासून पाहायला कोणालाच उसंत नसते.

होजे बाऊटिस्टाविषयीही असेच म्हणता येईल. तो आमच्याकडे तिसऱ्या बेसवर खेळायचा आणि कोणत्याही हंगामात सोळाच्या वर होम रन मारत नव्हता. ऑगस्ट २००८ मध्ये तो टोरांटोला गेला तेव्हा इथे कोणी हळहळलेही नाही, मी तर नक्कीच नाही. टोरांटोत त्याला बॅट उचलण्याची हालचाल पुष्कळ आधी सुरू करायला सांगितले गेले, आणि २०१० मध्ये त्याने ५४ होम रन मारले.

तरीही भावाला मी नेहमी एक सावधगिरीची सूचना देते. गेले आणि चमकले, ते आपल्याला आठवतात, पण गेले आणि संपले, त्यांची नावे कोणी काढत नाही. दर वर्षी शेकडो खेळाडू सोडले जातात आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी तो शेवट असतो. शिवाय संघ खेळाडूला बहुधा त्याच्या वाईट वर्षानंतर सोडतो, आणि वाईट वर्षानंतरचे वर्ष थोडे बरे जाण्याची शक्यता मुळातच अधिक असते. पैशाचाही हिशेब आहे. बेसबॉलमध्ये संघांच्या खर्चावर कडक मर्यादा नाही आणि सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा होतो, त्यामुळे पिट्सबर्गसारख्या लहान बाजारपेठेतला संघ त्याला ती मुदत संपण्याआधीच देऊन टाकतो. कोल गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. खेळाडूची सर्वोत्तम वर्षे याच वयात येतात, म्हणून आमच्याकडे घडणीची वर्षे राहतात आणि बहर दुसऱ्याच्या अंगणात येतो. उलट अँड्र्यू मकचन पाहा. २०१३ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने आमच्याकडे असताना मिळवला, २०१८ मध्ये तो गेला, इतर संघांकडून चांगला खेळला, पण त्याची सर्वोत्तम वर्षे पिट्सबर्गचीच राहिली. २०२३ मध्ये तो परत आला तेव्हा सगळे स्टेडियम उभे राहिले होते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, वाईट वाटण्याचा. कोलच्या बाबतीत वाटले, ते नाकारणार नाही. पण मला विचाराल तर मी तुम्हाला आमच्या चार्ली मॉर्टन या पिचरविषयी सांगेन. २०१० च्या उन्हाळ्यात मी त्याला अनेकदा हरताना पाहिले. त्या हंगामात त्याने दोन सामने जिंकले, बारा गमावले आणि त्याची सरासरी ७.५७ होती. पुढच्या वर्षी त्याने आपली चेंडू टाकण्याची पद्धत बदलली, सिंकर शिकला, आणि त्याच्या चेंडूवर फटके इतके जमिनीवरून जाऊ लागले की त्यावरून त्याचे टोपणनाव पडले. तो २०१५ नंतर गेला. फिलाडेल्फियात चार सामन्यांत जायबंदी झाला आणि नंतर ह्यूस्टनने त्याला घेतले. तिथे तो पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चेंडू टाकू लागला आणि कर्व्हबॉल या वळणाऱ्या चेंडूवर अधिक भिस्त ठेवू लागला.

१ नोव्हेंबर २०१७ च्या रात्री लॉस एंजलिसमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना होता. मी स्वयंपाकघरातल्या लहान टीव्हीसमोर उभी होते, कारण बसवत नव्हते. शेवटच्या चार इनिंग्ज मॉर्टनने टाकल्या आणि फक्त एक धाव दिली. ह्यूस्टन ५-१ ने पुढे होते, शेवटचा एक गडी उरला होता आणि फलंदाजीला कोरी सीगर होता. त्याने मारलेला चेंडू जमिनीवरून सरपटत दुसऱ्या बेसकडे गेला, होजे आल्टुव्हेने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि ह्यूस्टन पहिल्यांदा विश्वविजेते झाले. लॉस एंजलिसच्या मैदानात ह्यूस्टनचे खेळाडू एकमेकांवर उड्या टाकत होते, आणि इथे पिट्सबर्गमध्ये मी एकटीच म्हणत होते की हा चेंडू मी ओळखते, जमिनीवरून जाणारा हा चेंडू आमच्याकडचा आहे.